शेटलंडातली भोरडी

शनिवार, रात्र, बोटीवर

ॲबर्डीनहून संध्याकाळी ५ ला बोट सुटली. लेक आधीच बजावत होती, "आई, बंदरातच खाऊन घे, नंतर नको वाटेल." मी म्हटलं, निवांत समुद्र बघत खाऊ. दशमीचे चार घास झाले आणि बोट बंदराबाहेर आली. तेव्हापासून आडवी आहे. तोंडात आवळासुपारी, शेंगाचटणीचा डबा नजरेआड. लेक मात्र काचेला नाक लावून 'फुलमार, फुलमार' करतेय (हा एक समुद्रपक्षी). बाहेर मिट्ट काळोख झाला तरी उठेना. अक्षर बोटीबरोबर हलतंय, बाकीचं उद्या.

रविवार

सकाळी साडेसातला लर्विक, शेटलंड बेटांचं मुख्य गाव. इथून ॲबर्डीन जितकं लांब, जवळजवळ तितकंच नॉर्वेचं बर्गन. गावांची नावंही अर्धी तिकडची. १४६९ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने लेकीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडकडे गहाण ठेवली आणि ती सोडवायची राहूनच गेली. हुंड्याने काय काय होतं बघा.

यातलं सगळ्यात मोठं बेट, त्याचं नाव 'मेनलँड'. लर्विकही त्यावरच. आम्ही उतरलो ते त्याच्या दक्षिण टोकाला, सम्बराजवळ. तिथे विमानतळाची धावपट्टी सरळ रस्त्याला आडवी जाते. विमान आलं की रेल्वेसारखं फाटक पडतं. आमच्यापुढे दोन मोटारी आणि फाटकापलीकडे तीनशे मेंढ्या.

नातवाने पफिनचा, म्हणजे इथल्या रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्याचा, फोटो मागितला होता. पफिन ऑगस्टमध्येच समुद्रावर गेले, आता एकही नाही. उन्हाळ्यात लोक येतात ते त्यांच्यासाठी. ऑक्टोबरात येणाऱ्यांचा पंथ वेगळा. ते येतात वाट चुकलेल्या पाखरांसाठी. लेक त्यातली.

सोमवार

वारा पश्चिमेचा, पाऊस आडवा. पाखरू नाही. कड्याखाली खडकावर सीलचं पांढरंशुभ्र पिल्लू दिसलं, कुणीतरी धुतलेली गोधडी वाळत टाकावी तसं. दुपारी झोपले.

मंगळवार

रात्रीत वारा फिरला. आग्नेयेचा झाला, वर धुकं. लेक पहाटे साडेपाचला कपडे घालून तयार, जणू एसटी चुकणार आहे.

आता मला यातलं गणित कळायला लागलंय. शरदात स्कँडिनेव्हिया, रशिया, सैबेरियातले पक्षी निघतात. निरभ्र रात्री सुरळीत जातात. मध्येच पाऊस-धुकं आलं आणि आग्नेयेचा वारा लागला, की समुद्रावर ढकलले जातात. मग खाली जे पहिलं जमिनीचं तुकडं दिसेल तिथे कोसळतात. शेटलंडला झाडं जवळजवळ नाहीतच. माळावर एकच बाभूळ असली की गावचे सगळे होले तिच्यावरच, तसं इथे होतं. कुणाच्या परसातली चार खुरटी झाडं, कोबीचा वाफा, खाजकुयलीसारखं काहीतरी माजलेलं कुंपण, एवढ्यात काय ते शोधायचं. (खाजकुयली नव्हे, नेटल म्हणतात. हाताला लागल्यावर नावाने फरक पडत नाही.)

दगडी बांधाच्या आडोशाला बसले होते. बुटापासून हातभरावर काहीतरी हललं. गोल्डक्रेस्ट. हिरवट, माथ्यावर हळदीचं बोट ओढल्यासारखी पट्टी, डोळा चेहऱ्याच्या मानाने मोठा. वजन ५-६ ग्रॅम. आपल्याकडे भाजीवाली फुकट टाकते ती मूठभर कोथिंबीरसुद्धा त्याहून जड असेल. अख्खा उत्तर समुद्र ओलांडून आलेलं ते पाखरू माझ्या बुटाच्या नाडीवरचा कोळी टिपत होतं. त्याला माझी भीती नव्हती, कारण भ्यायला त्राणच नव्हतं. मी श्वास धरून बसले. ते नाडी सोडून बांधाच्या फटीत शिरलं आणि शेवाळात टोचत राहिलं.

संध्याकाळपर्यंत लेकीने पिवळ्या भुवईचे तीन वटवटे पाहिले. निघाले सैबेरियातून, जायचं आग्नेय आशियात, आणि पोचले इथे. दिशा पाक उलटी. काहीजण म्हणतात, पहिल्यांदा निघालेल्या पिल्लांची आतली सुई फिरलेली असते. काहीजण वाऱ्याला दोष देतात. रात्री खानावळीत यावर दोन म्हाताऱ्यांचं चांगलंच वाजलं. आम्ही सूप पीत ऐकलं.

बुधवार

आजचा दिवस नीट लिहायचाय.

दुपारी लेकीच्या वॉट्सॲपवर निरोप आला आणि आम्ही मोटार वळवली. एका शेतघराच्या परसात आधीच वीस-पंचवीस माणसं दुर्बिणी तिकाटण्यांवर लावून उभी. बोलणं कुजबुजीत, जणू गाभाऱ्याबाहेर रांग. मी मागे राहिले. लेकीने हाताला धरून पुढे नेलं, "आई, बघ ना."

गवतावर इथल्याच स्टार्लिंगांचं टोळकं. काळपट, अंगभर पांढरे ठिपके, चोची काळ्या. त्यांच्यात एक फिकट, मातकट रंगाचा. पंख जरा गडद, चोच पिवळसर.

मी मोठ्यांदा म्हणाले, "अगं, ही तर भोरडी!"

सगळे वळून बघायला लागले. शेजारचे एक आजोबा हसून काहीतरी म्हणाले, त्यातलं 'पिरी' एवढंच कळलं. शेटलंडी बोलीत पिरी म्हणजे लहान. मला म्हणाले की पक्ष्याला, ते विचारायचं राहिलं.

भोरडीच होती. इंग्रजीत रोझी स्टार्लिंग. पण अंगावरचा गुलाबी मोठेपणी येतो, हे यंदाचं पिल्लू. मध्य आशिया नाहीतर पूर्व युरोपात कुठेतरी अंड्यातून बाहेर आलं असेल आणि खरं तर एव्हाना भारतात पोचायला हवं होतं.

ज्वारी दाण्यावर आली की बार्शीकडच्या आमच्या शेतात या यायच्या, त्या हजारांनी. आभाळावरून कुणी घोंगडं झटकल्यासारखा थवा वळायचा. वडील माळ्यावर उभे, हातात गोफण. आम्ही पोरं पत्र्याचे डबे बडवायचो. घसा बसायचा. थवा उठायचा आणि दोन वावरं सोडून पुन्हा बसायचा. आई म्हणायची, "नाकतोडे बी तेवढेच खात्यात की." वडील म्हणायचे, "मंग नाकतोड्याचं वावार दावा त्यांना." एका भोरडीकडे निरखून बघितल्याचं मला आठवत नाही. मोजायची वेळच आली नाही कधी.

आणि इथे एकीसाठी पंचवीस माणसं पावसात.

घरमालकीण बाई आतून अर्धं सफरचंद घेऊन आल्या आणि भिंतीवर ठेवून गेल्या. पहिले आले इथले स्टार्लिंग. भोरडी बाजूला झाली. दोनदा पुढे आली, दोनदा चोच खाऊन मागे सरली. तिसऱ्यांदा पिसं फुगवून सरळ घुसली आणि सफरचंदावर उभी राहिली. माझ्या तोंडून "शाब्बास!" निघालं. आजोबांनी पुन्हा वळून पाहिलं.

गुरुवार

सकाळी पुन्हा गेलो. सफरचंदाची साल उरली होती. भोरडी मागच्या मेंढ्यांच्या गवतात चरत होती. आज बघणारे चारच, बाकीचे कुठल्याशा नव्या पाखरामागे उत्तरेच्या अन्स्ट बेटावर पळाले.

तिथूनच बार्शीला दादाला फोन लावला. सगळं सांगितलं, किती लोक, कसल्या दुर्बिणी, सफरचंद. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"किती हायत म्हणालीस?"

"एकच रे."

"एकीला काय हाकलायचं? खाऊ दे." मग जरा थांबून, "हिकडं अजून ज्वारी वीतभर बी नाय. तिला म्हणावं, घाई नको."