चॉकलेटचं वेष्टन फेकू नका

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाहुण्यांनी आणलेल्या भेटीच्या डब्यातलं डार्क चॉकलेट आमच्या चिंगीनं खाल्लं. चिंगी आमची देशी कुत्री, वजन ११ किलो. फटाक्यांना घाबरून ती दिवाणाखाली बसली असेल असंच घरात सगळ्यांना वाटत होतं. वाकून पाहिलं तर वेष्टनाचे तुकडे पडलेले.

कोथरूडहून निघायच्या आधी रात्री उघडा असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं : वजन किती, चॉकलेट कुठलं, खाऊन किती वेळ झाला? "वेष्टन फेकू नका, सोबत आणा." तोवर शेजारच्या काकू मायेनं मिठाचं पाणी करून घेऊन आल्या होत्या. ते पाजू का, असं विचारताच डॉक्टर ठामपणे नको म्हणाले. मिठानं उलटी होईलच असं नाही. उलट रक्तातलं मीठ वाढून त्यानंच झटके येऊ शकतात.

नळ स्टॉपला गर्दी होती, पण रिक्षावाल्या दादांनी गल्ल्यांतून वाट काढली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दवाखान्यात आधी वेष्टन वाचलं गेलं. १०० ग्रॅमचा बार, ७० टक्के कोको. उरलेले तुकडे धरता पोटात साधारण ८० ग्रॅम. डॉक्टरांनी समोरच हिशेब मांडला. कोकोमध्ये थिओब्रोमिन असतं, कुत्र्यांना बाधणारं तेच. डार्क चॉकलेटमध्ये ते ग्रॅममागे ५ मिलिग्रॅम धरलं तरी पोटात ४०० मिलिग्रॅम, म्हणजे चिंगीच्या वजनाला किलोमागे ३६. किलोमागे २० पासून उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या आसपास झटके येतात. दुधाचं चॉकलेट तेवढंच खाल्लं असतं तर आकडा १५ च्या आत राहिला असता. आणि केकसाठी आणतो ती कोको पावडर? ती डार्क चॉकलेटच्याही कितीतरी पट कडक. हे ऐकून माझे हातपाय गार पडले, कारण आकडा ४० च्या अगदी जवळ होता.

माणसाचं शरीर थिओब्रोमिन लवकर मोडतं. कुत्र्याच्या अंगात त्याचा निम्मा भाग उतरायलाच साडेसतरा तासांच्या आसपास लागतात. त्यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. इंजेक्शन देऊन उलटी करवली, त्यात बरंच चॉकलेट पडलं. मग अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे औषधी कोळशाची काळी पेस्ट, काही तासांनी पुन्हा तीच. सलाईन लावलं. ईसीजीवर ठोके भरभर पडत होते, ते आवरायला वेगळं इंजेक्शन दिलं.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट पुढची. थिओब्रोमिन लघवीवाटे बाहेर पडतं, पण लघवी साठून राहिली तर मूत्राशयातून ते परत रक्तात शोषलं जातं. म्हणून तिला सारखं बाहेर न्यायचं. मी आणि माझा भाऊ आळीपाळीनं तिला दवाखान्यामागच्या गल्लीत फिरवत होतो. आजूबाजूला फटाके, ती थरथरतेय. विषानं की भीतीनं, कळायला मार्ग नाही. दर वेळी लघवी झाली की मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे.

पहाटे ठोके खाली आले. तरी लक्षणं तीन दिवसांपर्यंत राहू शकतात, म्हणून दिवसभर तिथंच ठेवून घेतलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं : चॉकलेटमधल्या चरबीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, पोटात दुखतंय असं वाटलं किंवा पुन्हा उलटी झाली तर लगेच या. जेवण साधं, उकडलेलं चिकन आणि मऊ भात.

फराळाचंही मी तेव्हाच विचारून घेतलं. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि शुगर-फ्री मिठाईत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर रक्तातली साखर काही मिनिटांत कोसळू शकते. भाऊबिजेला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधीच फोन करून सांगितलं. पाहुण्यांनी पिशव्या दारातच माझ्या हातात दिल्या.