आमची वाटचाल : फाईल फ्लॅटन करायची नाही

2008 ला आम्ही दोघांनी रिटचिंगचं, म्हणजे फोटो साफ करून रंग-उजेड सुधारायचं, काम सुरू केलं, एक टेबल, एक कॅलिब्रेट केलेला मॉनिटर आणि एक पेन टॅबलेट. फोटो सुधारायचं लाइटरूम हे सॉफ्टवेअर येऊन वर्षच झालं होतं आणि फोटोशॉप सीएस3 मध्ये स्मार्ट फिल्टर नवीन होते. इफेक्ट पिक्सेलमध्ये कायमचा मुरत नाही, वरून बसतो, डबल क्लिक केलं की स्लायडर परत हातात. पार्टनरने हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हाच मी म्हटलं, काम करायचं तर असंच.

पार्टनरची एक सवय होती, वही. प्रत्येक फोटोचा नंबर, कुठलं प्लगिन (फोटोशॉपला जोडायचं वेगळं इफेक्टचं सॉफ्टवेअर), कुठल्या स्लायडरची किंमत किती, आणि कंट्रोल पॉइंट (फोटोच्या ठराविक भागावरच इफेक्ट लावायचा ठिपका) कुठे ठेवला त्याचं पेनाने काढलेलं छोटंसं चित्र. मी चिडायचो, म्हणायचो अरे फाईलमध्ये सगळं आहे ना, वेळ कशाला घालवतोस. तो काही बोलायचा नाही, लिहीत राहायचा.

2013 ला फर्निचरच्या कॅटलॉगचं काम आलं, 340 फोटो. लाइटरूममध्ये रॉ (कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाईल) डेव्हलप, तिथून फोटोशॉप, डाग-ओरखडे साफ, लाकडाचा टोन प्लगिनने, सेव्ह केलं की टिफ (लेअर्स, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, जपणारी फाईल) परत लाइटरूममध्ये. 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बिटमध्ये उघडला की एक लेअरच 144 एमबीची होते, वर स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जसाच्या तसा ठेवणारी लेअर), त्यामुळे डिस्क कायम गळ्यापर्यंत भरलेल्या. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने शेवटचा हात फिरवायला त्या टिफ लाइटरूममधून परत उघडल्या आणि समोर येणाऱ्या तीन पर्यायांतला पहिला निवडला, लाइटरूमच्या अ‍ॅडजस्टमेंटसह कॉपी. हे काम करणाऱ्यांना कळलंच असेल काय झालं. त्या कॉपीत सगळ्या लेअर्स एकत्र चिकटतात, यालाच फ्लॅटन म्हणतात, मग स्लायडर परत हातात येत नाहीत. लेअरवाली टिफ परत उघडायची तर ‘ओरिजिनल एडिट करा’ हा पर्याय घ्यायचा, तो पहिला नाही.

तरी मूळ टिफ जागेवर होत्याच. त्या उडवल्या मी. डिस्कवर जागा हवी होती, नवी तारीख असलेली कॉपी तीच फायनल असं धरलं आणि जुन्या डिलीट केल्या. बॅकअप होता पण तो आरशासारखा चालणारा, इथे उडवलं की तिथेही उडतं.

चार दिवसांनी छपाईचं प्रूफ आलं, लाकूड फार काळं, उजळ करून द्या. आणि आमच्याकडे सपाट फाईल्स.

त्याच आठवड्यात आमच्याच धंद्यातल्या एकाने त्या क्लायंटला फोन केला की यांच्याकडे फाईल्सच उरल्या नाहीत, मी सगळे फोटो एका रात्रीत करून देतो. त्याला आतली बातमी कुणी दिली ते मला नंतर कळलं, कारण तो नवा मुलगा पुढच्याच महिन्यात त्याच्याकडे कामाला लागला. शिकवला आम्ही, पेन धरायला शिकवण्यापासून. हे मी अजून विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

वाचवलं वहीने. रॉ होत्या, लाइटरूममधले बदल लिहून ठेवणाऱ्या एक्सएमपी फाईल्स होत्या, म्हणजे एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं जसंच्या तसं मिळालं. प्लगिनचे आकडे वहीतून. साफसफाई मात्र पहिल्यापासून. 9 दिवसांत दोघांनी 340 च्या 340 पुन्हा नव्याने केले, लाकूड उजळ करून दिले, आणि क्लायंटने ते छापलेसुद्धा. तरी पुढच्या वर्षीचं काम गेलं त्या दुसऱ्याकडेच. सहा महिने हातात जवळजवळ काहीच नव्हतं. त्या काळात माणसांची पोर्ट्रेट करणाऱ्या एक ताई, आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाईक, यांनी त्यांचे जुने फोटो काढून काढून काम दिलं आणि पैसे आधी दिले. आज एवढी मोठी कामं येतात पण ताईंची फाईल आली की ती मीच उघडतो.

त्यानंतर सात-आठ वर्षं नीट चालली.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगतो. साफसफाई प्लगिनच्या वर करू नका. वर केलीत आणि उद्या टोन बदलला की प्रत्येक ठिगळ उघडं पडतं, रंग वेगळा दिसतो. रॉ स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून आणा, एक्स्पोजर पक्कं करा, त्यावर रिकामी लेअर घेऊन हीलिंग (डाग-ओरखडे पुसणं) करा, मग दोन्ही मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि प्लगिन त्याच्या बाहेर लावा. फाईल जड होते, होऊ दे. दुसरं म्हणजे प्लगिनवर आंधळा भरवसा नको. निक कलेक्शन हा प्लगिनचा संच गूगलने 2016 ला फुकट केलं, 2017 ला म्हणाले आता अपडेट नाहीत, आमच्या शेकडो फाईल्स त्यावर उभ्या होत्या, झोप उडाली होती. त्याच वर्षी डीएक्सओ कंपनीने ते घेतलं म्हणून निभावलं. पण प्लगिन मशीनवर नसेल तर स्मार्ट फिल्टरचे स्लायडर उघडत नाहीत, म्हणून तेव्हापासून आम्ही इफेक्ट लागलेली एक साधी लेअर बनवून वर लपवून ठेवतो. आणि वही आजही लिहितो, पार्टनर आता काम करत नाही, त्याच्या जुन्या वह्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

मागच्या वर्षी त्याच फर्निचरवाल्यांचा मेल आला, त्या दुसऱ्याने केलेले फोटो जोडलेले, लाकूड काळं दिसतंय, उजळ होईल का. सगळ्या जेपेग, सावल्या पूर्ण बंद झालेल्या, आत काहीच नाही. मी रॉ मागवल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं की त्याने ठेवल्याच नाहीत. मग मी त्यांना लिहिलं, तुमच्या 2013 च्या 340 रॉ आणि आम्ही पुन्हा केलेल्या लेअरवाल्या फाईल्स आमच्याकडे आहेत, त्यातलं काही हवं असेल तर आज पाठवतो.