चाकांवरचा स्टँड

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्यासारख्या जुन्या घरांमागे एक लांबट शेड असते. कधीकाळी तिथे माग चालायचे. माग विकले गेले की तिथे आधी सायकली येतात, मग पाण्याचे बॅरल, आणि शेवटी घरातल्या एखाद्याचा छंद. आमच्याकडे तो छंद माझा आणि लोखंडाचा आहे. अँगलचा स्टँड, त्यावर ड्रिल मशीन, शेजारी ग्राइंडर, दुसऱ्या टोकाला व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरणारी पकड.

माग हलवायचा असतो हे कुणाच्या मनातही येत नसे. पाय जमिनीत बोल्टांनी आवळलेले. वळसा घालायचा तो माणसांनी. त्या बोल्टांची भोकं फरशीत अजून दिसतात. स्टँडही तसाच एका जागी बसून होता. पण शेड आता त्याच्या एकट्याची नाही. लांब पाइपला भोक पाडायला घ्यावं तर पाइपचं टोक भिंतीला टेकतं, ग्राइंडर लावावा तर ठिणग्या थेट स्कूटरच्या सीटवर. मग दोघांनी धरून तो ओढायचा, की फरशीवर नवा पांढरा ओरखडा.

तसं आमच्या गावाला चाकांपेक्षा उचलण्याचं कौतुक जास्त. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज माणसं उभे पेलत नेतात. एवढ्या उंच काठ्या गाड्यावर आडव्या टाकून नेता आल्या नसत्या का? आल्या असत्या, पण मग बघायला कोण आलं असतं! ड्रिल मशीनला असलं भाग्य नाही. त्याला चाकंच बरी.

दुकानदाराने चाकं दाखवण्याआधी विचारलं, “मालक, काय ठेवायलाय त्याच्यावर?” प्रश्न चोख होता. यंत्रं, स्टँड, खालच्या फळीवरचे हत्यारांचे डबे सगळं धरून वजन १२० किलोच्या आसपास. चार चाकं म्हणजे प्रत्येकी ३० किलो, असा हिशेब शाळेत बरोबर ठरतो, शहाबादी फरशीवर नाही. एक फरशी वर, शेजारची खाली, मधल्या सांध्यात सिमेंट उडालेलं. तिथे एखादं चाक अधांतरी राहतंच आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून भागायचं ते तिनाने: प्रत्येकी ४० किलो. वर थोडी सूट ठेवायची, कारण सांध्यावरून जाताना बसणारा हिसका तराजूत दिसत नाही.

चाकाचा आकारही हीच फरशी ठरवते. दोन इंची चाक गोजिरवाणं दिसतं, पण सांध्यात नाक खुपसून थांबतं. चार इंची चाक तोच सांधा ओलांडून जातं. नायलॉनचं चाक हलकं पळतं, पण फरशीवर खडखडाट एवढा की दुपारी झोपलेली गल्ली उठावी. मऊ रबर गुपचूप चालतं, मात्र लोखंडाचा कीस त्यात रुतून बसतो, आणि जड वजनाखाली महिनोन्‌महिने एका जागी उभं राहिलं तर ते चपटं होतं. पॉलियुरेथेन या चिवट प्लास्टिकचं चाक या दोघांच्या मधलं. तेच घेतलं.

चार इंची चाक पत्र्यासकट साधारण पाच इंच उंच असतं, म्हणून स्टँडचे पाय तेवढेच कापावे लागले. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा. पाच इंच वर गेला तर कानस चालवताना खांदे भरून येतात. आणि वर जड ड्रिल बसवलेला स्टँड आणखी उंच करणं म्हणजे तो आडवा व्हायला मदत करणं. खालच्या फळीवर नट-बोल्टचे जड डबे ठेवले ते त्यासाठीच.

मागे दोन सरळ चाकं, पुढे दोन फिरती, आणि ढकलायची मूठ फिरत्या बाजूला. कारखान्यातल्या ढकलगाड्यांची हीच रीत. चारही फिरती लावणारे लोक आहेत. स्टँड कुठल्याही दिशेला जातो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. तक्रारही तीच आहे.

माझं मत विचाराल तर, स्टँडच्या चाकाचे पैसे फिरण्यासाठी कमी आणि उभं राहण्यासाठी जास्त मोजावेत. दिवसभरात तो हलतो दोन मिनिटं, उरलेला वेळ त्याने मागासारखं ठाम उभं राहायला हवं. साधा ब्रेक फक्त चाक पकडतो. वरची खोबण, जिच्यावर चाक गरकन फिरतं, ती मोकळीच राहते. मग व्हाइसमध्ये पट्टी धरून कानस मारली की सगळा स्टँड अंग चोरतो. चाक आणि खोबण दोन्ही जखडणारा ब्रेक मिळतो. महाग आहे, तरी पुढच्या दोन चाकांना तोच घ्यावा. तो दाबण्याआधी स्टँड किंचित मागे, सरळ चाकांच्या दिशेला ढकलायचा. त्याने पुढची चाकं बाहेरच्या अंगाला वळतात आणि बैठक रुंद होते. ही युक्ती फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही.

चाकं लागल्याची बातमी गल्लीत लगेच पसरली. आधी शेजारचे काका भोक पाडायची पट्टी घेऊन इकडे येत, चहा होई, पट्टीला भोक पडे. आता ते दारातूनच हाक मारतात, “अहो, गेट जड आहे, काढता येत नाही. स्टँडच आणा की इकडे, चाकं लावलीत ना!” वर आमची वायर त्यांच्या दारापर्यंत पोचते, हेही त्यांनी पाहून ठेवलंय.

दोन्ही घरांच्या मध्ये फूटभर रुंद उघडी नाली आहे. चार इंची चाक ती ओलांडू शकत नाही, हे मी त्यांना समजावलं. काल त्यांनी नालीवर टाकायला एक फळी आणून ठेवली आहे. जाड आहे, १२० किलो सहज पेलेल.