राहू दे, नको सांगूस

आज सकाळी कुकरची तिसरी शिटी झाली, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ओट्याला टेकून विचारले, "आई, कुकरमध्ये डाळ इतकी लवकर कशी शिजते?" मी हात पुसले आणि फडताळातून वही काढली. वही पाहताच ती म्हणाली, "राहू दे, नको सांगूस. तू आता शिकवणार."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलेले नाही.

उत्तर तसे छोटेच होते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि जाळ कितीही वाढवला तरी त्याहून फारसे तापत नाही. कुकरमध्ये मात्र कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. महाबळेश्वरला याच्या उलट, हवेचा दाब कमी असल्याने उघड्या पातेल्यातली डाळ शिजायला अधिक वेळ घेते. हे सारे फोडणी देता देताही सांगता आले असते.

घरीच शिकवायचे ठरवून तिला शाळेतून काढताना तासिका आणि गृहपाठ यांविरुद्ध मीच तावातावाने बोलले होते. "दहावीचे काय?" असे कोणी विचारले, की वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) परीक्षा देता येते, हे मी तोंडपाठ सांगते. तरीही उद्या कोणी पुरावा मागेल या धास्तीने (आजवर कोणीही मागितलेला नाही) तिच्या वह्या भरून घेत राहते.

संध्याकाळी कुकर धुताना तिने शिटी तळहातावर तोलून पाहिली. "केवढी जड आहे ही!" या वेळी मी काहीच बोलले नाही.

तुमची मुले असे प्रश्न तुम्हाला मोकळेपणाने विचारतात का?