आमची वाटचाल : दोरापासून मच्छरदाणीपर्यंत

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांची निवासी शिबिरं घ्यायला लागलो तेव्हा सुरक्षा म्हटलं की दोर, हार्नेस आणि हेल्मेट एवढंच समोर यायचं. आज आमच्या तपासणी वहीत दोराला दोन पानं आहेत. उरलेली सगळी वही पाणी, झोप, संडास, स्वयंपाकघर आणि मोजणी यांनी भरलेली आहे.

राज्याचे नियमही याच काळात घडत गेले. साहसी उपक्रमांसाठी पहिला शासन निर्णय २०१४ साली आला, २०१८ साली तो सुधारून निघाला आणि ऑगस्ट २०२१ च्या धोरणानं जमीन, पाणी व हवा या तिन्ही प्रकारांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली. आम्ही त्याचं स्वागतच केलं. शिबिराची चौकशी करताना पालकांनी नोंदणीचा कागद, प्रशिक्षकांची गिर्यारोहण आणि प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं, विम्याची प्रत मागावी. द्यायला का-कू करणाऱ्याकडे मूल पाठवू नये. पण रात्री दोन वाजता संडासाच्या वाटेवर काय होतं, ते कुठल्याच प्रमाणपत्रात दिसत नाही.

दोराचं थोडक्यात सांगतो. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, १०.५ ते ११ मिलिमीटरचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर, दोन वेगवेगळे अँकर (दोर अडकवायचे पक्के आधार) आणि मुलाला वरून वेगळा बिले (पडलं तर धरून ठेवणारा दुसरा दोर). कातळाच्या कडेवर दोर घासतो तिथे जाड कापडी संरक्षक लावायचा. आठाच्या गाठीची शेपटी किमान १० सेंटिमीटर हवी. लहान मुलांना कंबर-नितंबाचा आकार नसतो, त्यामुळे मूल उलटं झालं तर कमरेचा हार्नेस निसटू शकतो; त्यांना पूर्ण अंगाचा हार्नेसच लागतो. दोर जीपमध्ये बॅटरी किंवा डिझेलच्या कॅनशेजारी कधीच ठेवायचा नाही. आम्लाचा अंश लागला तरी नायलॉन आतून मरतो आणि वरून दोर नवाकोरा दिसतो.

धरणाच्या बॅकवॉटरचा धोका त्याहून मोठा. काठ सपाट दिसतो, पण दोन पावलांवर जुन्या शेताचा बांध किंवा ओढ्याचं पात्र असतं. गुडघाभर पाण्यातून मूल एकदम खोलात जातं, आणि गाळात पाय रुतला की वर येता येत नाही. म्हणून पोहता येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट. ते घातल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायच्या. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते त्या मुलासाठी नाही. काठावर फेकायचा दोर घेतलेला माणूस नुसता उभा हवा. फोटो काढणं हे त्याचं काम नाही.

आता रात्र. आमच्या मते शिबिराची खरी परीक्षा इथेच होते. मण्यार ही सापाची विषारी जात रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बहुतेकदा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणतं, पापण्या जड होतात, आणि जेवण बाधलं म्हणून त्याला लिंबूपाणी दिलं जातं. तिथेच मोलाचे तास जातात. आम्ही जमिनीवरच्या गाद्या बंद करून खाटा आणल्या, प्रत्येक खाटेला मच्छरदाणी दिली आणि तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचायच्या असा नियम केला. लोंबती मच्छरदाणी नसल्यातच जमा. मुलांच्या सॅकमधला खाऊ रात्री डब्यात जमा करून घेतो. खाऊमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. संडासला जाताना टॉर्च, पायात बूट आणि सोबत ताई किंवा दादा, तोही एकटा नाही. जोडीला दुसरं मूल हवं.

दंश झाला किंवा नुसता संशय आला तरी आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. दंश झालेला हात किंवा पाय फळीला न आवळता बांधून स्थिर ठेवायचा, मुलाला चालू द्यायचं नाही आणि १०८ ला फोन करता करता आपली गाडीही काढायची. गाडी रात्री तोंड रस्त्याकडे करून लावलेली असते. प्रत्येक शिबिराआधी जवळच्या रुग्णालयात फोन करून तीन गोष्टी विचारतो: सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) किती आहे, रात्री डॉक्टर हजर असतात का आणि व्हेंटिलेटर कुठे मिळेल. साठा कमी असेल तर शिबिराची तारीख बदलतो.

तंबूत मच्छर कॉइल, मेणबत्ती, शेगडी काहीही चालत नाही. नायलॉन पेटलं की वितळून अंगाला चिकटतं, आणि बंद तंबूतल्या निखाऱ्यांच्या वायूला वासच नसतो.

पिण्याच्या पाण्याला हजार लिटरमागे साधारण ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. ती बादलीत कालवून निवळू द्यायची, वरचं पाणीच टाकीत ओतायचं आणि तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, करायची. चाचणीत नळाच्या पाण्याला पिवळा रंग आला नाही तर ते पाणी प्यायला द्यायचं नाही. रंग न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फोडून ठेवलेली पावडरची पिशवी. हवा लागली की तिचा क्लोरीन उडून जातो.

मे महिन्यातल्या वळवासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप प्रत्येक दादा-ताईच्या फोनवर असतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर मुलं पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही.

मोजणी डोकी मोजून करत नाही, कारण हलणारी मुलं दोनदा मोजली जातात. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि मूल स्वतः तो पुकारतं. शेजाऱ्यानं पुकारलेला धरत नाही. उपक्रम बदलताना, जेवणाआधी, दिवे मालवताना आणि गाडीत बसल्यावर मोजणी होतेच.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली गुन्ह्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे, 'आधी आपसात बघू' याला तिथे जागाच नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांच्या खोलीत त्यांच्या उंचीवर लावलेला असतो. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड, ही वेळच येऊ देत नाही.

परतीच्या दिवशी मूल कोणाच्या हाती द्यायचं ते नाव अर्जावर आधीच असतं. दुसरं कोणी, अगदी सख्खे काका आले तरी, आईबाबांना फोन लावून त्यांचा होकार ऐकतो, सही घेतो आणि मगच सॅक हातात देतो.