जुन्या रोड फ्रेमची फिक्सी बनवली, माझा अनुभव

फिक्सी (एकच गिअर असलेली, चाक फिरलं की पॅडल पण फिरणारी सायकल) बनवायची म्हटलं की बहुतेक जण आधी रंग ठरवतात, रिम कुठल्या कलरची, चेन सोनेरी का काळी, हँडलला टेप कुठली, आणि फ्रेम काय मिळेल ती. मी उलटं केलं, आणि आता सायकल रस्त्यावर पळतीये तर छातीठोकपणे सांगतो की फ्रेमचा मागचा ड्रॉपआउट, म्हणजे मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच, नीट बघून फ्रेम घेतली की निम्मं काम तिथेच झालं. उरलेलं निम्मं चेनलाइनमधे, म्हणजे चेन पुढून मागे सरळ रेषेत बसवण्यात, जातं. बाकी सगळी हौस.

कारण सरळ आहे. फिक्स्ड गिअरला फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) नसतं, चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, पाय उलटे दाबले की चाकाला ब्रेक लागतो. चेनच्या खालच्या बाजूला पण जोर येतो त्यामुळे गिअरच्या सायकलसारखा स्प्रिंगवाला डिरेलर (गिअर बदलायला चेन सरकवणारा भाग) लावून ढिलाई खेचून घेता येत नाही. चेन ताणायची तर अख्खं चाकच मागेपुढे सरकवायचं, आणि ते सरकायला खाच आडवी पाहिजे. 70-80च्या दशकातल्या स्टीलच्या रोड फ्रेमना आडवी किंवा तिरकी खाच सर्रास असायची, पुढे उभ्या खाचेच्या फ्रेम आल्या. उभ्या खाचेवर पण फिक्सी होते, एक्सेंट्रिक हब (चाकाचा मधला भाग, ज्यात एक्सल मध्यापासून सरकवता येतो) मिळतो किंवा दातांचा असा आकडा शोधायचा की चेन नशिबाने बरोबर ताणात बसते, पण चेन झिजून लांबली की ते नशीब संपलं. पहिल्याच बांधणीला हे नको.

मला मिळालेली फ्रेम लग (नळ्या जोडणाऱ्या बाह्या) लावलेली, स्टीलची, सहा गिअरवाली. घेताना लोहचुंबक लावून बघितला, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) मागे खालच्या नळीवर बोट फिरवलं (समोरून धडक बसलेली फ्रेम तिथे फुगते किंवा रंगाला सुरकुत्या पडतात), बॉटम ब्रॅकेटजवळ (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात तिथे) भेगा बघितल्या. सीटपोस्ट (सीटचा दांडा) हलतो का ते आधी बघाच बघा. अॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं बिनग्रीसचा राहिला की तो तिथलाच होतो, मग तेल ओतत बसा. माझा निघाला, कुरकुर करत का होईना निघाला. आणि पोस्टची जाडी तिथेच कॅलिपरने मोजून घ्या, 27.2 मिमी असेल असं धरून चालू नका, 26.8 पण असतो, 26.6 पण असतो, आणि 0.2 मिमीच्या फरकाने पोस्ट एकतर आत जात नाही नाहीतर सगळीकडे हलतो.

मग उघडायचं काम. डिरेलर, शिफ्टर, केबल पटापट निघाल्या, क्रँक पुलर लावून क्रँक (पॅडलचे दांडे) काढले आणि मग आला बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप. इंग्लिश आट्यांच्या फ्रेमवर उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला तर सुटतो. इटालियन आणि बऱ्याच जुन्या फ्रेंच फ्रेमवर दोन्ही बाजूंना सरळच आटे असतात, त्यामुळे आधी ओळख पटवा मग जोर लावा. त्या कपाला पाना धरायला कड एवढीशी पातळ, पाना सारखा घसरतो, बोटं सोलवटतात. त्यावर एक भारी युक्ती आहे. डावा कप आणि स्पिंडल (मधला दांडा) काढून टाकायचा, एक जाड बोल्ट आतल्या बाजूने उजव्या कपाच्या भोकातून बाहेर काढायचा, दोन्हीकडे मोठे वायसर आणि बाहेरून नट. बोल्टचं डोकं डाव्या बाजूने पान्यात धरून ठेवायचं आणि बाहेरचा नट आवळत जायचा. नट पूर्ण घट्ट झाला की पुढे तो कपालाच बरोबर घेऊन फिरतो, आणि कप उलट आट्यांचा असल्यामुळे नट आवळायची दिशा हीच कप सुटायची दिशा! एक कट्ट आवाज आला आणि एवढी वर्षं बसलेला कप हाताने फिरायला लागला. त्या कप्प्यात वाळलेलं ग्रीस, गंजाची पूड आणि दोन छर्रे निघाले, सगळं रॉकेलने धुतलं.

रंगाबद्दल थोडक्यात. पावडर कोटिंग टिकतं मस्त, पण द्यायच्या आधी बॉटम ब्रॅकेटचे आटे आणि हेडसेट (हँडलचं बेअरिंग) बसतो त्या कडा झाकून घ्यायला सांगा, नाहीतर आट्यात रंगाचा थर बसतो आणि टॅप मारत बसावं लागतं. डिरेलर अडकवायचा कान लोक करवतीने कापून टाकतात, दिसायला छान दिसतं हे खरं, मी ठेवला. उद्या कुणाला परत गिअर लावावेसे वाटले तर?

आता मागचं चाक. सहा गिअरच्या फ्रेमला मागे 126 मिमी जागा असते, ट्रॅक हब (ट्रॅकवरच्या फिक्स्ड सायकलचा हब) 120 मिमीचा. स्टीलची फ्रेम आहे, 6 मिमी दाबून बसते, पण दर वेळी चाक काढताना घालताना ती कुस्ती कशाला, एक्सल पुरेसा लांब होता म्हणून दोन्ही बाजूंना 3-3 मिमीचे वायसर घातले, विषय संपला. दोन्हीकडे सारखे घातले की चाक मधेच राहतं आणि चेनलाइन पण बदलत नाही. (अॅल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम वाकवायचा विचारसुद्धा करू नका.)

हबच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. खऱ्या ट्रॅक हबवर दोन पायऱ्यांचे आटे असतात, आत कॉगसाठी (मागचं दातेरी चाक) सरळ आटे आणि बाहेर थोड्या लहान व्यासाचे लॉकरिंगसाठी (कॉग अडवून धरणारी कडी) उलटे आटे. पाय उलटे दाबले की कॉग सुटायला बघतो, तो सुटताना लॉकरिंगला फिरवायला जातो आणि लॉकरिंग उलट आट्यांची असल्यामुळे आणखी घट्ट होते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर ही दुसरी पायरीच नसते, तिथे लोक कॉग चढवून वरून बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग आणि आट्यात चिकटवायचं द्रव असं करून चालवतात. चालतं, चालतं, आणि एके दिवशी उतारावर पाय रोखले की कॉग गरकन मोकळा. पैसे वाचवायचे तर टेपमधे वाचवा.

मी घेतला तो फ्लिप-फ्लॉप हब आहे, एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, चाक उलटं घातलं की साधी सिंगलस्पीड. ही आयडिया जुनी आहे. टूर द फ्रान्समधे 1937पर्यंत डिरेलरला परवानगीच नव्हती, तोवर रायडर चढ आला की उतरून चाक उलटं करायचे आणि दुसऱ्या बाजूचा जास्त दातांचा कॉग वापरायचे. घाटाच्या पायथ्याला नट सोडत बसलेला शर्यतीतला माणूस डोळ्यासमोर आणून बघा.

दातांचा हिशोब करताना एक गंमत कळली. फिक्सीवर पाय रोखून चाक घसरवत थांबायचं, म्हणजे स्किड मारायचा, तर पाय दर वेळी साधारण त्याच स्थितीत रोखले जातात आणि टायर ठरावीक जागांवरच घासतो. 48 दातांची चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) आणि 16 चा कॉग घेतला तर भागाकार बरोबर 3, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या पूर्ण तीन फेऱ्या, टायरची तीच एक जागा दर वेळी रस्त्यावर, थोड्याच दिवसांत तिथे दोरे दिसायला लागणार. 46 आणि 16 घेतलं तर अपूर्णांक सोपा करून 23/8, छेदात 8, म्हणून आठ जागा. मी 46 आणि 17 घेतलं, सोपं रूप होतच नाही, सतरा जागा. एका फेरीत साधारण 5.7 मीटर जाते, मिनिटाला 90 फेऱ्या मारल्या तर ताशी 30च्या आसपास. पण उतारावर 40 गाठलं की पाय मिनिटाला 117-118 फेऱ्या मारायला लागतात, तेव्हा कंबर सीटवर उड्या मारते, त्यामुळे फार हलका गिअर पण नको.

आणि आता चेनलाइन, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. पुढची चेनरिंग आणि मागचा कॉग फ्रेमच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर पाहिजेत. ट्रॅक हबवर ते अंतर 42 मिमी धरलेलं असतं. पुढे मोजायला सीट ट्यूबच्या बाजूपासून चेनरिंगच्या दाताच्या मध्यापर्यंत मोजलं आणि त्यात ट्यूबच्या जाडीचं अर्ध मिळवलं, 28.6 च्या ट्यूबचं 14.3. माझं आलं 44.5. अडीच मिमीचा फरक, गिअरच्या सायकलवर कुणी ढुंकून बघणार नाही, तिथे चेन याहून कितीतरी तिरकी चालते. फिक्सीवर मात्र चेन घरघर करते, दात एका बाजूने झिजतात आणि मुख्य म्हणजे चेन उतरायची शक्यता वाढते, आणि फिक्सीची चेन चालू सायकलवर उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. बॉटम ब्रॅकेट 118 मिमी स्पिंडलचा होता, तो काढून 113 चा घातला, 5 मिमी आखूड म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच आत. परत मोजलं, 42! घरच्यांना उत्साहाने सांगितलं, कुणाला काही पडलेली नव्हती.

त्यानंतर ताण. पॅडल हळूहळू फिरवलं की चेन एका ठिकाणी टाइट आणि एका ठिकाणी ढिली लागते, कारण चेनरिंग क्वचितच अगदी मध्यावर बसलेली असते. चेनरिंगचे बोल्ट किंचित सैल केले, चेन सगळ्यात टाइट होते तिथे थांबून वरच्या बाजूला पान्याने हलकी टिचकी मारली, रिंग केसभर सरकली, बोल्ट समोरासमोरचे आवळले, परत फिरवलं, परत टिचकी. कंटाळवाणं आहे पण फरक कानाला कळतो. शेवटी सगळ्यात टाइट जागी सुद्धा मधोमध दाबल्यावर चेन साधारण 10 मिमी वरखाली हलली पाहिजे, तारेसारखी ताणली तर बेअरिंग खाते.

चाकं 27 इंची काढून 700सी घातली, रिमचा व्यास 630 मिमीवरून 622 म्हणजे रिमची कड 4 मिमी खाली गेली, त्यामुळे लांब हाताचा पुढचा ब्रेक शोधावा लागला. हो, पुढचा ब्रेक आहे. ब्रेकशिवाय चालवणारे दिसतात, ट्रॅकवर तसंच चालवतात पण तिथे समोर रिक्षा, कुत्रं, सिग्नल काही नसतं. मागचं चाक पायाने कितीही रोखलं तरी ब्रेक मारताना वजन पुढे जातं आणि मागचं चाक नुसतं घसरतं, खरं थांबवणारं चाक पुढचंच. क्रँक पण 170 चे काढून 165 चे लावले, वळणावर आतलं पॅडल वर धरून थांबता येत नाही, ते खाली येऊन रस्त्याला घासू शकतं, आणि रोड फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट ट्रॅक फ्रेमपेक्षा खाली असतो.

पहिल्यांदा चालवताना शरीर ऐकत नाही. वर्षानुवर्षं स्पीड आला की पाय थांबवायची सवय, तसे थांबवले आणि सायकलने पायाला धरून असं वर उचललं की बस. पायाला पट्टे लावल्याशिवाय चालवू नका, पाय सुटला तर पॅडल फिरतच राहतं आणि पोटरीवर बसतं. पहिल्या मोठ्या चढावर उभं राहून जोर लावल्यावर कॉग आणखी थोडा घट्ट होतो, मग लॉकरिंग सैल राहते, म्हणून घरी येऊन ती हुकच्या पान्याने परत आवळली.

पुढे एका मित्रासाठी नवीन ट्रॅक फ्रेमवर बांधली. मागे तोंड असलेली खाच, 120 मिमी, सगळं मापात, दुपारी सुरू करून अंधार पडायच्या आत उभी. फक्त फोर्कला ब्रेकचं भोक नव्हतं आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागत होतं. तो म्हणाला राहू दे ब्रेक, बिनब्रेकची भारी दिसते. मी भोकवाला फोर्क येईपर्यंत चेन चढवली नाही.