मिन्नेरियाचं तळं आणि नानांची तीन नावं

श्रीलंकेत मिन्नेरियाला हत्ती बघायला जायचं तर काय काय लागतं, असं तिथून परत आल्यापासून चौघांनी तरी विचारलं. हत्ती सोपे आहेत हो. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं आधारकार्ड काढा आणि त्यावरचं नाव एकेक अक्षर वाचा.

आम्ही साक्री तालुक्यातले, पांझराकाठचे. वडील, म्हणजे नाना, वीस वर्षं फडावर, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावरच्या शेतीत, पाटकरी होते, पाणी वाटणारे. कोणाच्या वावरात पाणी कधी सोडायचं, चारी कोणी फोडली, सगळा हिशोब तोंडपाठ. तिसऱ्या शतकाच्या शेवटी महासेन राजाने बांधलेलं एक तळं अजून भात पिकवतं आणि उन्हाळलं की तिथे हत्तींची जत्रा भरते, हे त्यांनी नातवाच्या मोबाइलवर पाहिलं. मग रोज एकच विषय. शेवटी म्हटलं, चला.

विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून ऑगस्टचं काढून टाकलं. पासपोर्ट हातात नसताना. ते पैसे बुडाले. तुम्ही असं करू नका.

नानांच्या आधीची दोन भावंडं गेली. तिसरा तरी जगावा, यमाने ढुंकून बघू नये म्हणून आजीने नाव ठेवलं दगडू. शाळेच्या दाखल्यावर दगडू, पॅनवर दगडू. आधारचा कॅम्प गावात आला तेव्हा ऑपरेटरने विचारलं, "बाबा, नाव?" नानांनी गावात हाक मारतात तेच सांगितलं. झालं, आधारवर नाव आलं दगा! सातबाऱ्यावर तर दगू. जन्मतारीख मात्र सगळीकडे १ जून. गुरुजींनी लावलेली, तेवढी जुळली.

पासपोर्टचा अर्ज मी दगडू नावाने भरला. पहिल्या खिडकीवर कागद स्कॅन झाले, फोटो झाला, बोटांचे ठसे झाले. (शेतकऱ्याच्या बोटांचे ठसे पटकन उठत नाहीत. नानांनी चार वेळा बोटं धोतराला पुसली.) दुसऱ्या खिडकीवरचा साहेब दाखला बघे, आधार बघे, परत दाखला बघे. म्हणाला, "हे दोन माणसं आहेत." नाना समोरच उभे होते. मी म्हटलं, साहेब, माणूस एकच आहे, बघा की. "मला कागद बघायचाय." अर्ज अडकला.

आधार केंद्रावर गेलो. दाखला जोडला, फी भरली, पंधरा दिवसांनी मेसेज आला: विनंती नाकारली. का? ते मेसेजमध्ये नाही. परत गेलो. तिथला पोरगा स्क्रीनवरून मान न काढता म्हणाला, "पूर्ण नाव बदलतंय, राजपत्र, म्हणजे गॅझेट, आणा." हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याचं काय गेलं असतं? तेवढ्यात एक एजंट बाहेर भेटला, तीन हजारात करून देतो म्हणे. मी रागाने नाही म्हटलं, आणि तो राग उपयोगी पडला, कारण राज्य सरकारच्या राजपत्राचा अर्ज ऑनलाइन घरूनच भरता येतो.

पण अर्जात रकाने दोनच: जुने नाव, नवे नाव. जुने नाव दगा, नवे नाव दगडू. मी प्रिंट काढून नानांपुढे सहीला धरली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पेन खाली ठेवलं.

"मन्हं नाव मी बदलंच नही. मंग लिखी कसाले देऊ?"

बरोबरच होतं त्यांचं. बाहत्तर वर्षं दगडू असलेल्या माणसाने नव्याने दगडू झालो असं जाहीर करायचं! दोन दिवस सही झाली नाही. मी चिडलो, आवाज चढला, आईने मधे पडून जेवायला वाढलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सही केली, काही न बोलता. मला अजून त्या चढलेल्या आवाजाचं वाईट वाटतं.

राजपत्र निघायला महिना गेला. ते जोडल्यावर आधार आठवड्यात दुरुस्त. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग दोघातिघांकडून तपासून घ्या. पुढे पासपोर्ट, पोलीस पडताळणी, व्हिसासाठी ईटीए म्हणजे श्रीलंकेची ऑनलाइन परवानगी, सगळं सरळ. सप्टेंबरअखेर मुंबईहून कोलंबो, तिथून गाडीने मिन्नेरियाजवळचं हबराना.

मिन्नेरिया हे १९९७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. सफारी दुपारचीच घ्या. हत्ती जंगलातून तळ्यावर येतात ते ऊन कलल्यावर. जुलै ते ऑक्टोबर हा हंगाम. पाणी आटतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं, त्यासाठी सगळे कळप गोळा होतात. तळं भरलेलं असलं तर गवतच नाही, मग हत्ती शेजारच्या कौडुल्ला उद्यानाकडे जातात. म्हणून जीप ठरवताना चालकाला विचारा, आज हत्ती कुठे आहेत? आधी एकाच उद्यानाचा हट्ट धरू नका.

आम्हाला मिन्नेरियातच दिसले. पिल्लं आयांच्या पायांत. नाना बासष्टपर्यंत मोजत गेले आणि चुकले. पण त्यांचा जीव हत्तींत नव्हताच. चालक मोडक्या हिंदीत सांगत होता की त्या काळच्या मोठ्या तळ्यांना बांधाच्या आत एक चौकोनी विहीर असायची, बिसोकोटुवा. पाण्याचा जोर तिथे मरायचा, मग ते हळू बाहेर सोडायचे, बांध फुटत नसे. महासेन राजा गेल्यावर लोक त्याला मिन्नेरियाचा देव म्हणून पुजू लागले. नानांनी दोन्ही हात जोडून तळ्याकडे बघितलं. "हाई ते आपलं फडनंच काम शे," म्हणाले. मग चालकाला विचारायला लावलं: इथे पाटकरी कोण?

हो, एक राहिलं. साठीपुढच्या माणसाला नव्या पासपोर्टच्या फीत दहा टक्के सूट आहे. आणि सातबाऱ्यावर अजून दगूच आहे. त्याला सध्या तरी मी हात लावणार नाही.